दुधाचा दात किडला : ड्रिल की काळं औषध?

खानापूर-निपाणीकडून पोराला बेळगावला दाखवायला आणलं, की बऱ्याच डॉक्टरांचा हात सवयीने ड्रिलकडे जातो. कीड कोरायची, सिमेंट भरायचं; कॉलेजात तेच शिकलेले. दात छान दिसतो, पण चार वर्षांचं पोर सुई पाहून तोंडच उघडत नाही.

दुसरीकडे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, म्हणजे किडीवर लावायचं चांदी-फ्लोराइडचं पातळ औषध. कोरणं नाही, सुई नाही. थेंबभर लावलं की कीड बहुधा थांबते, सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. २०२१ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी डॉक्टर कचरतात: कीड आत ठेवायची कशी? शिवाय किडलेला भाग काळा पडतो, आणि आजीबाई जाब विचारतात तो डॉक्टरांनाच! मागच्या दाढेला मी हेच निवडेन. रात्री ठणकत असेल किंवा गळू आलं असेल, तर मात्र हे चालत नाही.