आईसाठी घरी बाई ठेवायची की आश्रम बघायचा?

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई घरी आली आणि बेळगावात वडगावच्या आमच्या घरात आठ दिवस हाच विषय चालला. पैशाचा हिशोब तुम्हीही मांडला असेलच. मी मात्र वेगळंच मोजायला लागलो: दिवसभरात किती गोष्टी आईच्या मनानं होतात?

घरी बाई ठेवली की सगळं आईच्या मनासारखं होईल असं वाटतं. आमच्याकडे खानापूरकडच्या मावशी आल्या. मायाळू, पण उरकायची घाई फार. आईला जेवायला पाऊण तास लागतो, म्हणून त्यांनी चमच्यानं भरवायला सुरुवात केली. महिन्याभरात आईचा हात ताटाकडे जायचाच थांबला! म्हातारपणी न वापरलेले स्नायू झपाट्यानं झडतात, परत यायला मात्र फार दिवस घेतात. शेवटी मावशींना सांगितलं, पाणी तुम्ही काढा, तांब्या तिच्या हातात द्या. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी बसवली, कमोड उंच केला, रात्रीचा छोटा दिवा लावला. आता आंघोळ तिची ती करते, पाठ तेवढी मावशी घासतात.

आश्रमात गप्पांना माणसं असतात, रात्री कुणीतरी जागं असतं, आणि बाई जत्रेला गावी गेली म्हणून काही अडत नाही. हे कमी नाही. पण तिथलं घड्याळ संस्थेचं. म्हणून बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून परत येऊ नका. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, स्वतःचे देव मांडू देतात का, एकटीनं देवळात जाता येतं का, हे तिथं राहणाऱ्यांनाच विचारा. आधार कार्ड जमा करून घेत असतील तर तेही बघा. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत ओळखपत्र दाखवलं की बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट लागत नाही, पण कार्ड पिशवीत नसेल तर बहिणीकडे जायचं कसं?

भाषेचंही बघा. आपल्याकडे कन्नड बहुतेकांना येतं; पण विसरण्याचा आजार जडला की मागून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. रात्री अडीचला 'मला जायचंय' म्हटलेलं कळेल असं ड्यूटीवर कोण आहे?

घर-शेत मुलांच्या नावावर करायचं चाललं असेल तर जरा थांबा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळायची अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. ती अट कागदावर लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर, घरात निदान एक जवळचं माणूस असेल तर बाई बरी. सगळीच मुलं पुण्या-बेंगळुरूला असतील तर आश्रम, पण आधी महिनाभर राहून बघायच्या बोलीवर.

आईला आम्ही दोन आश्रम दाखवले. दुसऱ्या ठिकाणी तिनं एवढंच विचारलं, "पहाटे पाचला चहा मिळतोय काय?"

"साडेसातला, आज्जी."

आईनं चपला पायात सरकवल्या.