एमआरआय-सोनोग्राफी फ्यूजन बायोप्सी: जवळून पाहिलेल्या एका सेवेचे परीक्षण

प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय आला की रूढ पद्धतीत सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीच्या ठरावीक भागांतून १० ते १२ नमुने घेतले जातात. सोनोग्राफीत ग्रंथीची कड स्वच्छ दिसते, पण आतला कर्करोग पुष्कळदा वेगळा ओळखू येत नाही. त्यामुळे सुई नेमक्या जागी गेली की नाही, हा अंदाजाचाच भाग राहतो. एमआरआयमध्ये ती जागा दिसते, मात्र एमआरआयच्या यंत्रातच सुई टोचणे वेळखाऊ आणि खर्चिक असते. या दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवून सुईला वाट दाखवणारी फ्यूजन बायोप्सी मला वडिलांच्या वेळी जवळून पाहता आली. या सेवेचा बराचसा दर्जा रुग्ण टेबलावर येण्याआधीच, रेडिओलॉजिस्टच्या संगणकावर ठरलेला असतो, असे माझे मत त्यातून झाले.

रेडिओलॉजिस्ट एमआरआय पाहून संशयास्पद जागेला पाय-रॅड्स पद्धतीने १ ते ५ पैकी एक श्रेणी (५ म्हणजे सर्वाधिक संशय) देतो आणि ग्रंथीची व त्या जागेची कड आखून देतो. बायोप्सीच्या वेळी पडद्यावर एका बाजूला तो एमआरआय आणि दुसऱ्या बाजूला चालू सोनोग्राफी होती. डॉक्टरांनी प्रोब, म्हणजे गुदाशयात ठेवलेली सोनोग्राफीची कांडी, किंचित दाबताच ग्रंथी चपटी झाली आणि एमआरआयवरून आलेली हिरवी रेघ तिच्या कडेपासून सरकली. डॉक्टर थांबले, त्यांनी रेघ पुन्हा जुळवली आणि मगच सुई पुढे नेली. ग्रंथीचा बदललेला आकार लक्षात घेणारी लवचिक जुळणी काही प्रणालींत असते, पण तीही आधी आखलेल्या कडेवरच उभी असते, आणि गाठ लहान असेल तर काही मिलिमीटरच्या फरकाने नमुना हुकतो. ते थांबणे मला फार मोलाचे वाटले.

या पद्धतीमागचा पुरावा भक्कम आहे. २०१७ च्या प्रॉमिस अभ्यासात ५७६ पुरुषांमध्ये महत्त्वाचा, म्हणजे उपचारांची गरज पडू शकेल असा कर्करोग ओळखण्याची एमआरआयची क्षमता ९३ टक्के, तर रूढ बायोप्सीची ४८ टक्के आढळली. अर्थात एमआरआय विनाकारण संशयही बराच घेतो, म्हणून नुसत्या एमआरआयवर निदान होत नाही. २०१८ च्या प्रिसिजन अभ्यासात ५०० पुरुष होते. एमआरआयच्या मार्गाने गेलेल्या ३८ टक्क्यांमध्ये आणि रूढ मार्गाने गेलेल्या २६ टक्क्यांमध्ये महत्त्वाचा कर्करोग सापडला, तर ज्याला बहुधा उपचारांची गरज पडत नाही असा सौम्य कर्करोग अनुक्रमे ९ आणि २२ टक्क्यांमध्ये निघाला. मला दुसरी तुलना अधिक महत्त्वाची वाटते, कारण नको असलेले निदानही माणसाला वर्षानुवर्षे काळजीत ठेवते.

महागडे सॉफ्टवेअर मात्र आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. २०१९ च्या फ्यूचर अभ्यासात आधीची बायोप्सी निर्दोष आलेल्या पुरुषांमध्ये सॉफ्टवेअरची जुळणी, अनुभवी नजरेची जुळणी आणि थेट एमआरआयमधली बायोप्सी यांच्यात महत्त्वाचा कर्करोग सापडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून सेवा निवडताना यंत्राच्या नावापेक्षा एमआरआय कोण वाचणार आणि कड कोण आखणार, हे आधी विचारावे. सुई गुदाशयातून न नेता वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून नेणार का, हेही विचारावे. त्या मार्गाने गुदाशयातले जंतू ग्रंथीत शिरण्याचा धोका बराच कमी होतो. एमआरआय संदिग्ध असेल तेव्हा पीएसएमए पेट स्कॅनची (प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवरच्या एका प्रथिनाचा माग घेणाऱ्या स्कॅनची) जोड उपयोगी पडू शकते, पण सरसकट सर्वांसाठी ती मागण्याचे कारण मला दिसत नाही.

माझी एक तक्रार आहे. पहिल्या अहवालात संशयास्पद जागेतले नमुने आणि ठरावीक भागांतले नमुने वेगळे दाखवलेले नव्हते. मागणी केल्यावर जागांचा नकाशा मिळाला. पुढे उपचार न करता केवळ देखरेख ठेवायची ठरली, तर पुढच्या बायोप्सीत सुई त्याच जागी न्यावी लागते. त्यामुळे हा नकाशा आणि एमआरआयच्या मूळ प्रतिमा अहवालासोबतच मागून घ्याव्यात.