भंवरकुआंमधली 'आंतरराष्ट्रीय संबंध' बॅच: झांबियासाठी तरी कराच

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासची ही बॅच मी नुकतीच पूर्ण केली. लोकमान्य नगरातल्या मैत्रिणी कसा आहे विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

चीन आणि आफ्रिका हा विषय बहुतेक ठिकाणी 'कर्जाचा सापळा' म्हणून पाच मिनिटांत उरकतात. इथे सरांनी अख्खा तास एका रेल्वेला दिला. फळ्यावर झांबिया काढला: तांबं भरपूर, समुद्र नाही. १९६५ मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियातल्या (आजचा झिंबाब्वे) गोऱ्या सरकारने ब्रिटनला न जुमानता स्वातंत्र्य जाहीर केलं आणि तिथून समुद्राकडे जाणारी दक्षिणेची वाट बेभरवशाची झाली. फळ्यावरची त्या वाटेची रेघ सरांनी डस्टरने पुसली. नवी रेल्वे परवडणार नाही म्हणून जागतिक बँकेने आधीच हात वर केले होते. मग चीनने बिनव्याजी कर्ज दिलं आणि टांझानियातलं बंदर दार-एस-सलाम ते झांबियातलं कपिरी म्पोशी अशी १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे उभी राहिली. "तेव्हाचे झांबियाचे अध्यक्ष कौंडा, त्यांच्या खुर्चीत बसून सांगा, चीनला नाही म्हणाल?" या सरांच्या प्रश्नावर वर्गात चांगलीच जुंपली.

कर्जाचा भाग तर फारच नीट घेतला. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने थकवलं ते युरोबाँडचं (परदेशी बाजारात विकलेल्या रोख्यांचं) ४.२५ कोटी डॉलर व्याज, म्हणजे चीनचं नव्हे, खासगी रोखेधारकांचं देणं. हे मला कुठल्याच गाइडमध्ये मिळालं नव्हतं. जून २०२३ मध्ये इतर देशांच्या सरकारांना देणं असलेल्या ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जाची फेरमांडणी (फेडीच्या अटी नव्याने ठरवणं) ठरली. त्यात ४ अब्जांहून जास्त एकट्या चीनच्या सरकारी एक्झिम बँकेचं. मुद्दल माफ नाही, मुदत मात्र २०४३ पर्यंत लांबली. सरांनी चीनचं वकीलपत्रही घेतलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका चिनी कंपनीच्या तांब्याच्या कारखान्यातला टाकाऊ पाणी साठवणारा बांध फुटून आम्लयुक्त पाणी झांबियातल्या काफुए नदीत गेलं आणि कित्वे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला, हेही तितक्याच पोटतिडकीने सांगितलं. ज्या देशाचं नाव आपण परीक्षेपुरतं घोकतो, तिथल्या माणसांचं काय होतं हे कळायलाच हवं.

छापील नोट्सनी मात्र निराशा केली. त्या २०२१ वरच थांबतात, फेरमांडणीचा उल्लेखही नाही. मागच्या बाकांवर माइक धड ऐकू येत नाही. फी हप्त्यांत घेतात आणि तास संपल्यावर शंकांसाठी सर थांबतात, ही सोय मोठी आहे. नोट्सचे पैसे वेगळे मागतात, ते भरू नका. लवकर जाऊन पुढचा बाक धरा आणि फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घ्या.