पिल्लू आणायला गेलो आणि चार वर्षांची कुत्री घेऊन आलो: शेल्टरचा अनुभव

आठ महिने झाले आता, म्हणून सविस्तर लिहिते. शेल्टरचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण थोडी तक्रारही आहे आणि तिथली माणसं मनापासून राबतात, त्यांना त्रास नको. पाचपैकी चार स्टार.

आम्हाला पिल्लू हवं होतं. मुलगा नऊ वर्षांचा, त्याने वर्षभर पिच्छा पुरवलेला. गेल्या गेल्या फॉर्म हातात दिला आणि काय काय प्रश्न, घर भाड्याचं की स्वतःचं, भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी कुठाय, दिवसात किती तास घर रिकामं असतं, बदली झाली तर काय करणार, गावाला गेलात तर कोण सांभाळणार. नवरा वैतागला, म्हणाला चांगलं काम करायला आलोय आणि हे चौकशी करतायत. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू.

घर नऊ तास रिकामं असतं म्हटल्यावर त्यांनी पिल्लू द्यायला सरळ नकार दिला. तिथल्या ताई म्हणाल्या, दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू करायला न्यावं लागतं, आणि तीन ते चौदा आठवडे हा काळ असा की त्यात माणसं, आवाज, इतर प्राणी जे अनुभवेल त्यावर त्याचा पुढचा स्वभाव ठरतो, तो काळ बंद घरात एकट्याने गेला की भित्रं नाहीतर चावरं कुत्रं तयार होतं आणि मग लोक तेच कुत्रं आमच्या गेटला बांधून जातात. हे बोलताना त्यांनी एका पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. आत एक म्हातारा लॅब्रेडॉर, तोंडावरचे केस पांढरे झालेले, कुणीतरी रात्री गेटला बांधून गेलं होतं. कुणाच्याही चपलेचा आवाज आला की उठून उभा राहायचा आणि माणूस पुढे गेला की परत बसायचा. मुलगा तिथून हलेचना.

मग झिपरी दाखवली. चार वर्षांची, नसबंदी झालेली, एका कानाला खाच. भिंतीला पाठ लावून उभी, जवळही येईना. आम्ही तीनदा गेलो, तिसऱ्या वेळी तिने मुलाच्या बुटाची लेस हुंगली, बस तेवढंच. त्यानंतर त्यांचा माणूस घर बघायला आला, गॅलरीच्या ग्रिलमधली फट हाताने मोजली आणि जाळी लावल्याशिवाय कुत्री मिळणार नाही म्हणाला. लावली.

स्वच्छतेबद्दल पूर्ण मार्क. नवीन आलेला प्राणी चौदा दिवस वेगळा ठेवतात. पार्वो म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा, जुलाब-उलट्यांचा विषाणूमुळे होणारा आजार, त्याच्या खोलीत जाणाऱ्याचे बूट वेगळे आणि फरशीला ब्लीच, कारण तो विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि नुसत्या फिनाईलने मरत नाही. हे मला आधी माहीतच नव्हतं. ज्यांच्या घरी आधी पार्वोने पिल्लू गेलंय त्यांनी नवीन पिल्लू आणायच्या आधी एकदा व्हेटशी नीट बोला प्लीज.

आता तक्रार. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी झिपरीला कोरडा खोकला सुरू झाला, घशात काहीतरी अडकल्यासारखा, आम्ही घाबरून गेलो. शेल्टरला दोन दिवस फोन केले, कुणी उचलला नाही. व्हेट म्हणाले केनल कफ आहे, बरीच कुत्री एकत्र राहतात तिथे होतोच, आणि दोन आठवड्यांत बरीही झाली. पण असं होऊ शकतं, लक्ष ठेवा, एवढं निघताना सांगायला काय हरकत होती? एक छापील कागद दिला असता तरी चाललं असतं. दुसरं म्हणजे चिप. मानेजवळ कातडीखाली मायक्रोचिप आहे, पंधरा आकडी नंबर, पण नोंदीत अजून शेल्टरचाच फोन होता. तो बदलायचं काम आपलं आपल्याला करावं लागतं हे आम्हाला महिन्याभराने कळलं. चिप म्हणजे जीपीएस नाही हो, कुणीतरी स्कॅनर लावला तरच नंबर दिसतो, आणि त्या नंबरपुढे आपला फोन नसेल तर हरवलेलं कुत्रं घरी येणार कसं? घरात ज्यांच्याकडे चिप लावलेलं जनावर आहे त्यांनी आजच नोंद तपासा.

पहिले तीन दिवस ती चपलांच्या स्टँडमागे पडून होती, खायची ती फक्त रात्री, आम्ही झोपल्यावर. ताईंनी बजावलं होतं, ओढून बाहेर काढू नका, पाहुणे बोलावू नका, तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर समजून घेण्याचे आणि तीन महिने आपलं मानण्याचे. आमच्याकडे शेवटचं जरा लांबलं, चार महिने लागले. एका संध्याकाळी मुलगा अभ्यास करत होता, ही आली आणि त्याच्या पावलावर हनुवटी टेकवून झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी तो तासभर हलला नाही.

जायचं असेल तर गर्दी नसलेल्या दिवशी जा, सुट्टीच्या दिवशी लोक जाळीत बोटं घालतात आणि तिथे कुणी अडवत नाही, तेही सुधारायला हवं. घरातल्या सगळ्यांना न्या. लसींचं कार्ड मागून घ्या, त्यावर प्रत्येक लसीची तारीख आणि डॉक्टरची सही आहे का बघा. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं तेही विचारा. आणि प्रश्न विचारले म्हणून चिडू नका, आम्ही चिडलो होतो. सही केलेल्या कागदावर एक अट आहे, सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कुणाला द्यायची नाही, इथेच परत आणायची. नवऱ्याने तो कागद झिपरीच्या फाईलमध्ये नीट लावून ठेवलाय. पुढच्या महिन्यात तिचा रेबीजचा बूस्टर आहे, तारीख मुलाने फ्रिजवर लिहून चिकटवली आहे.