खरजेची ‘जडीबुटी’: मिरजेला दवाखान्यात येणाऱ्यांनी वाचावं

सांगली जिल्ह्यात राहून तोळ्याच्या भावानं हळद विकत घेतली, असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. आमच्या घरात हे घडलंय.

पुतण्या वसतिगृहातून खरूज घेऊन आला. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला पुरळ. रात्र झाली की खाज वाढायची. मिरजेच्या डॉक्टरांनी पर्मेथ्रिनचं 5 टक्क्यांचं मलम दिलं. मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, आठवड्यानं पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी. लावलं एकट्या पोरानं, कारण बाकी कुणाला खाज नव्हती. (पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे जातात. तोवर खरजेचे बारीक किडे अंगावर असतात आणि पत्ता नसतो.)

दादा-वहिनी पुन्हा दाखवायला गेले तेव्हा बाहेर चहाच्या गाड्यावर एक जण पोराकडं बघून म्हणाला, “मलमानं खाज गेली न्हाई न्हवं, वहिनी? आमच्या पोराचं बी असंच झालतं.” ह्याला कसं कळलं, म्हणून वहिनी चकित. त्यात काही जादू नाही. औषधानं किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत राहतात आणि खाज दोन-चार आठवडे टिकते. त्यामुळं दुसऱ्यांदा येणारे बरेचसे पेशंट खाजवतच येतात. गिऱ्हाईक हेरायला याहून चांगली जागा कुठली?

त्यानं एका दुकानात नेलं. तिथं ‘बरा झालेला’ आणखी एक जण आधीच बसलेला. दादानं दर विचारला. “एकशे ऐंशी.” कशाचे, ते सगळं मिक्सरमधून काढल्यावर समजलं: तोळ्याचे. 250 ग्रॅमचे झाले 4500 रुपये, आणि “दळलेला माल परत घेत न्हाई.” वर पांढऱ्या मलमाची डबी ‘फुकट’.

पुडीत काय होतं? कडुनिंबाचा पाला, टाकळ्याचं बी आणि ‘रानहळद’, असं त्यानंच सांगितलं. टाकळा पावसाळ्यात आपल्या बांधावर माजतो, त्याची भाजी करतो आपण; त्याचं बी लावतात ते गजकर्णाला. रानहळद म्हणाल तर वास साध्या स्वयंपाकातल्या हळदीचा. या वनस्पतींशी माझं वाकडं नाही. 1992 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 814 जणांना कडुनिंब-हळदीचा लेप लावून 97 टक्के बरे झाल्याची नोंद आहे. पण तो पाला दारातच मिळतो.

खरा घोळ डबीत होता. ते मलम लावल्यावर खाज लगेच थांबली, मग दुप्पट उसळली आणि पुरळ पोटापर्यंत गेलं. डॉक्टरांना स्टिरॉइडचा संशय आला. त्यानं खाज दबते, पण किडे वाढत राहतात. डबीवर परवाना क्रमांक, बॅच, घटक, तारीख काहीच नव्हतं. आयुर्वेदिक औषधावरही हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे.

मग आजीपासून धाकटीपर्यंत सगळ्यांनी एकाच रात्री डॉक्टरांचं मलम लावलं, अंथरूण-कपडे कढत पाण्यात धुतले, जे धुता येईना ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं. आता घर शांत झोपतं.

अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार दिली आहे. पावती मिळाली नव्हती, पण पैसे फोनवरून दिले होते. तुम्हीही तिथं पैसे दिले असतील तर तो मेसेज आणि डबी टाकून देऊ नका. आमच्या मेसेजमधलं नाव दुकानाच्या पाटीवरच्या नावाशी जुळत नाही.