१२८ जीबीचा पेनड्राइव्ह निघाला ८ जीबीचा

भाचीच्या लॅपटॉपची हार्डडिस्क गेली आणि प्रोजेक्ट जमा करायची तारीख तोंडावर. काम अडू नये म्हणून पेनड्राइव्हवरूनच उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम, चालवायचं ठरलं. अशा साध्या पेनड्राइव्हमध्ये (लाइव्ह यूएसबीत) मशीन बंद केलं की केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून रूफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये पर्सिस्टन्सची, म्हणजे केलेलं काम जपून ठेवणाऱ्या जागेची, पट्टी पुढे सरकवली आणि उरलेली सगळी जागा तिच्या फाइलींना दिली.

पेनड्राइव्ह ठाणे स्टेशनजवळ, पश्चिमेच्या एका छोट्या दुकानातला. नामांकित कंपनीचं पाकीट, वर १२८ जीबी छापलेलं, भाव मात्र बराच कमी. विंडोजमध्ये ११९ जीबी दिसले, म्हणजे खऱ्या १२८च्या पेनड्राइव्हवर दिसतात तेवढेच.

उबंटू व्यवस्थित सुरू झालं. भाचीने रात्री रिपोर्ट लिहिला, सेव्ह केला, पुन्हा उघडून बघितला. सकाळी लॅपटॉप चालू केला तर फाइलींची नावं जागच्या जागी, आकारही बरोबर, पण आत काही नाही. काही फाइलींत नुसती शून्यं, काहींत कचरा. "मामा, मी स्वतः उघडून बघितलं होतं रे," म्हणत ती रडायलाच लागली. पोरीचं खरंच होतं. रात्री तिला दिसलं ते रॅममधलं होतं, पेनड्राइव्हवर ते पोचलंच नव्हतं.

एफथ्री हा पेनड्राइव्हची खरी जागा तपासणारा प्रोग्राम चालवल्यावर उलगडा झाला. आतली चिप जेमतेम ८ जीबीची. चिप सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये) फेरफार केलेला असल्याने तो १२८ सांगतो, आणि ८च्या पुढे लिहिलेलं निमूटपणे टाकून देतो, एररसुद्धा देत नाही. उबंटूची सहा जीबीच्या आसपासची इमेज (डाउनलोड केलेली सिस्टिमची फाइल) सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसते, त्यामुळे उबंटू झकास सुरू होतं. पर्सिस्टन्सचा भाग तिच्या मागून सुरू होतो आणि बहुतेक सगळा अस्तित्वातच नसलेल्या जागेत जातो. म्हणजे डाउनलोड केलेली सिस्टिम शाबूत राहते आणि बुडतं ते तुमचं स्वतःचं काम. मला याचाच जास्त संताप आला.

दुकानदार म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटरला लावून दाखवला होता ना? पेनड्राइव्हवर गॅरंटी नसते." हातातल्या चिठ्ठीवर फक्त 'पेनड्राइव्ह १ नग'. कंपनी नाही, जीबी नाही, जीएसटी नंबर नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण माल कोणता घेतला ते दाखवणारा कागद हवा. बिलावर कंपनी आणि जीबी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवा पेनड्राइव्ह आणला की त्यावर काहीही टाकण्याआधी तो पूर्ण भरून तपासा. लिनक्सवर एफथ्रीमधलं एफथ्रीराइट आणि मग एफथ्रीरीड, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू. हे प्रोग्राम शेवटच्या जीबीपर्यंत लिहितात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. मोठ्या पेनड्राइव्हला काही तास लागतात, तेवढे लागू द्या. नुसता फॉरमॅट करून काहीच कळत नाही; आमचा पेनड्राइव्ह तर आजही बिनतक्रार १२८ जीबीचा फॉरमॅट होतो.