फ्री-थ्रेडेड पायथन तीन ओएसवर बिल्ड करून काही महिने वापरल्यावर: बंद केलेला गिल परत येतो तेव्हा

थ्रेड चार, कोअर आठ, आणि सीपीयूचा वापर मात्र एका कोअरएवढाच. फ्री-थ्रेडेड पायथनचा, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे कुलूप (गिल) बंद केलेला, बिल्ड तोच होता, कोड तोच होता. बदलली होती फक्त एका लायब्ररीची आवृत्ती. नव्या आवृत्तीत सीमध्ये लिहिलेले एक छोटे मॉड्यूल आले होते आणि आपण गिलशिवाय चालू शकतो हे त्याने कुठेच जाहीर केलेले नव्हते. ते इम्पोर्ट होताच इंटरप्रिटरने गिल पुन्हा चालू केला. तोही त्या मॉड्यूलपुरता नाही, तर संपूर्ण प्रोसेससाठी आणि प्रोसेस संपेपर्यंत.

हा अनुभव मुख्यतः पायथन ३.१३ चा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीत फ्री-थ्रेडिंगवर ‘प्रायोगिक’ असा शिक्का होता. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये तो शिक्का निघाला, पण बिल्ड अजूनही वेगळाच करावा लागतो. गिल ऐच्छिक करणारा प्रस्ताव, पेप ७०३, त्याच्या तपशिलात इथे जात नाही.

बिल्डबद्दल आधी. लिनक्सवर काम सरळ आहे: कॉन्फिगरला ‘डिसेबल-गिल’ हा पर्याय द्या, मेक चालवा आणि शेवटी ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘ऑल्टइन्स्टॉल’ करा. प्रीफिक्स (इन्स्टॉलचे मूळ फोल्डर) मात्र वेगळाच ठेवा. साधा ३.१३ आणि ‘टी’वाला, म्हणजे फ्री-थ्रेडेड, ३.१३ एकाच प्रीफिक्समध्ये टाकले तर लायब्ररीची फोल्डर वेगळी राहतात, पण बिन फोल्डरमधली पिपसारखी (पिप म्हणजे पॅकेज उतरवणारे साधन) नावे एकमेकांवर चढतात. मग कोणता पिप कोणत्या इंटरप्रिटरचा आहे हे शोधण्यात वेळ जातो. ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट यांची डेव्ह पॅकेजे नसली तरी कॉन्फिगर थांबत नाही. कोणती मॉड्यूल बनली नाहीत त्यांची यादी मेकच्या शेवटी येते, ती वाचायलाच हवी. एसएसएल नसलेल्या पायथनवर पिप नेटवरून काहीही उतरवू शकत नाही. पिप स्वतः २४.१ किंवा त्यापुढचा लागतो, कारण त्याआधीच्या पिपला फ्री-थ्रेडेड ३.१३ च्या पॅकेजवरची ‘सीपी३१३टी’ ही खूण कळत नाही.

डिबग, रिलीज आणि थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या मेमरीच्या टकरी शोधणारे साधन) असे तीन बिल्ड लागणार असतील तर सोर्सच्या बाहेर तीन फोल्डर करा आणि प्रत्येकातून कॉन्फिगर चालवा. सोर्सच्या फोल्डरमध्ये आधी एकदा जरी बिल्ड केलेला असला तर बाहेरचा बिल्ड ‘सोर्स स्वच्छ नाही’ म्हणून अडतो, आणि ते योग्यच आहे. तिथे राहिलेली जुनी पायकॉन्फिग हेडर फाइल नव्या बिल्डमध्ये शिरली तर अर्धा कोड गिल धरून आणि अर्धा गिलशिवाय कंपाइल होईल. मीमॅलॉक हा मेमरी वाटणारा अ‍ॅलोकेटर वगळण्याचा पर्याय ‘डिसेबल-गिल’बरोबर चालत नाही, कॉन्फिगर तिथेच एरर देतो. कचरा गोळा करणारा भाग वस्तू शोधण्यासाठी मीमॅलॉकच्याच रचनेवर अवलंबून आहे, त्यामुळे दुसरा अ‍ॅलोकेटर जोडून मेमरी वाचवण्याचा विचार इथे सोडून द्यावा.

मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन साधने आणि होमब्रूमधले ओपनएसएसएल ३ पुरते. ओपनएसएसएलचा मार्ग मात्र कॉन्फिगरला स्वतः द्यावा. बिल्ड फोल्डरमध्ये ‘पायथन डॉट ईएक्सई’ नावाची फाइल दिसली तर दचकू नका. सोर्समध्ये ‘पायथन’ नावाचे फोल्डर आहे आणि मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून तिथे हे नाव घेतात. इन्स्टॉल झाल्यावर ते शेपूट राहत नाही.

वेळ खाल्ला तो विंडोजने. खुद्द इंटरप्रिटर बिल्ड करणे सोपे आहे. पीसीबिल्ड फोल्डरमधल्या बिल्ड बॅच फाइलला तोच ‘डिसेबल-गिल’ पर्याय द्यायचा, बाहेरच्या लायब्ऱ्या ती स्वतः उतरवून घेते. अडचण एक्स्टेन्शन (सीमध्ये लिहिलेले मॉड्यूल) कंपाइल करताना येते. स्वतः केलेल्या बिल्डमध्ये पायकॉन्फिग हेडरमध्ये ‘पाय गिल डिसेबल्ड’ हा मॅक्रो लिहिलेला असतो. अधिकृत इन्स्टॉलरमध्ये साधा आणि फ्री-थ्रेडेड असे दोन्ही पायथन एकच हेडर वापरतात, म्हणून तिथे तो नसतो. परिणामी आपल्या बिल्डवर सुरळीत कंपाइल होणारे एक्स्टेन्शन इन्स्टॉलरवाल्या यंत्रावर ‘टी’ नसलेल्या ३१३ डीएलएलशी जोडले जाते. नशीब चांगले असेल तर ते इम्पोर्टच होत नाही. नसेल तर वस्तूचे हेडर ६४ बिटवर १६ बाइट समजणारा कोड ३२ बाइटच्या हेडरवर चालतो आणि भलत्याच जागी लिहितो. सीमेक किंवा हाताने लिहिलेली कंपाइल कमांड असेल तर हा मॅक्रो १ करून स्वतः द्यावा. साध्या बिल्डसाठी तो ० करून देऊ नका: हेडर फक्त मॅक्रो आहे की नाही एवढेच पाहतो, त्यामुळे ० दिले तरी गिल बंदच समजला जातो. साध्या बिल्डला तो मॅक्रो मुळीच देऊ नये.

आता मूळ तक्रार.

गिल परत आल्याचे नुकसान फक्त ‘फायदा मिळाला नाही’ एवढेच असते तर इतके लिहिले नसते. ३.१३ च्या फ्री-थ्रेडेड बिल्डमध्ये इंटरप्रिटरचे स्पेशलायझेशन (वारंवार चालणाऱ्या सूचनांच्या जागी वेगवान रूपे घालणे) बंद आहे. त्यामुळे पायपरफॉर्मन्सच्या चाचण्यांत एका थ्रेडचा कोड साध्या बिल्डपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त वेळ घेतो. म्हणजे चार थ्रेडमध्ये कामाची वाटणी अगदी आदर्श झाली तरी वेग चौपट होत नाही, सुमारे २.९ पट होतो. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप परवडतो. पण गिल परत आला की हे ४० टक्के तसेच राहतात आणि समांतरपणा निघून जातो. साध्या पायथनपेक्षाही हळू पायथन हातात उरतो.

आणि याची सूचना काय? स्टँडर्ड एररवर एक रनटाइम वॉर्निंग. लॉग जपणाऱ्या सर्व्हरवर ती शेकडो ओळींत बुडते, आणि वॉर्निंग दाबून ठेवल्या असतील तर दिसतच नाही. शिवाय ती फक्त पहिल्या दोषी मॉड्यूलसाठी येते. त्यानंतरच्या मॉड्यूलच्या वेळी गिल आधीच चालू असतो, म्हणून त्यांची नावे कळत नाहीत. एक मॉड्यूल दुरुस्त करावे, पुन्हा चालवावे, तेव्हा दुसऱ्याचे नाव समोर येते. असे तीन-चारदा करावे लागते.

तपासणीतही बहुतेक जण एक चूक करतात. ‘सिसकॉन्फिग’मधून ‘पाय गिल डिसेबल्ड’ हा मॅक्रो विचारला तर बिल्ड कसा झाला एवढेच कळते, ते उत्तर कायम १ येणार. दोन वेळा ‘व्ही’ देऊन छापलेली आवृत्तीची ओळही तेवढेच सांगते. या घडीला गिल चालू आहे का हे विचारायचे असेल तर ‘सिस’ मॉड्यूलमधले, अधोरेषेने सुरू होणारे ‘इज गिल एनेबल्ड’ हे फंक्शन वापरावे. तेही प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत नाही, तर सगळे इम्पोर्ट आणि पहिली काही कामे होऊन गेल्यावर. फंक्शनच्या आत दडलेला एखादा इम्पोर्ट तासाभराने चालला तर गिल तासाभराने परत येतो.

सुरुवातीला यावर उपाय सोपा वाटला: ‘पायथन गिल’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० करावे. मग कोणतेही मॉड्यूल काहीही म्हणो, गिल परत येत नाही. पहिले काही आठवडे हा उपाय उत्तम असेच मत होते. ते मत टिकले नाही. ज्या मॉड्यूलने तयारी जाहीर केलेली नाही ते बहुधा खरोखरच तयार नसते. ठरावीक बिघाड असा: मॉड्यूल डिक्शनरीतून ‘उसना’ रेफरन्स (ज्याची मालकी मॉड्यूलकडे नसते) घेते, तेवढ्यात दुसरा थ्रेड ती की काढून टाकतो, वस्तू मोकळी होते आणि पहिला थ्रेड मोकळ्या मेमरीला हात लावतो. लिनक्सवर हे हजारात एकदा क्रॅश होते आणि मॅकवर अजिबात नाही, म्हणून दोष ओएसवर ढकलावासा वाटतो. दोष मॉड्यूलचाच असतो. क्रॅशपेक्षा वाईट म्हणजे स्टॅटिक कॅशमध्ये दोन थ्रेड एकाच वेळी लिहितात आणि चुकीचे उत्तर कसलाही आवाज न करता बाहेर पडते.

म्हणून आता मत असे: गिल आपोआप परत आणण्याचा निर्णय बरोबर आहे. हळू चालणारा प्रोग्राम चुकीच्या उत्तरापेक्षा केव्हाही बरा. तक्रार आहे ती हे दबक्या आवाजात सांगण्याबद्दल. ती आपल्या बाजूने भरून काढता येते. पायथनच्या ‘डब्ल्यू’ पर्यायात संदेशाची सुरुवात ‘द ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’ अशी देऊन तेवढी एकच वॉर्निंग एरर करावी. मग तसे मॉड्यूल इम्पोर्टच्या जागीच अपवाद फेकते आणि चाचणी तिथेच पडते. सगळ्या रनटाइम वॉर्निंग एरर केल्या तर इतर लायब्ऱ्यांच्या निरुपद्रवी वॉर्निंगही चाचण्या पाडतील.

मॉड्यूल आपल्याच ताब्यात असेल तर तयारी जाहीर करणारा ‘पाय मॉड गिल’ हा स्लॉट घालण्याआधी प्रत्यक्ष काम करावे. उसने रेफरन्स देणाऱ्या फंक्शनऐवजी ३.१३ मध्ये आलेली, नावाच्या शेवटी ‘रेफ’ असलेली गेट-आयटम फंक्शने वापरावी, मग मिळालेला रेफरन्स आपला असतो आणि काम झाल्यावर तो सोडावा लागतो. स्टॅटिक कॅशला ‘पायम्युटेक्स’ हा लॉक लावावा. तो एकच बाइट घेतो आणि स्टॅटिक असेल तर वेगळे इनिशियलायझेशन लागत नाही. एक्स्टेन्शन लिहिण्याच्या साधनांपैकी सायथनमध्ये ३.१ पासून ‘फ्रीथ्रेडिंग कम्पॅटिबल’ हा डिरेक्टिव्ह आहे, पायबाइंड११ मध्ये २.१३ पासून तशी खूण देता येते. दोन्ही ठिकाणी ही फक्त घोषणा आहे, आतला कोड त्याने सुरक्षित होत नाही.

कोड खरोखर सुरक्षित आहे का ते पाहायला थ्रेड सॅनिटायझरचा बिल्ड लागतो. कॉन्फिगरमध्ये त्याचा पर्याय ३.१३ पासून आहे, क्लँग वापरावा. नव्या लिनक्स कर्नलवर तो सुरू होताच ‘अनपेक्षित मेमरी मॅपिंग’ म्हणून मरतो. तेव्हा सिसकंट्रोलने ‘एममॅप रँड बिट्स’ २८ वर आणावे, मग चालतो. हा बिल्ड अतिशय हळू असतो, म्हणून सगळ्या चाचण्या चालवू नका. संशयित मॉड्यूलवर आठ थ्रेड सोडणारी एक छोटी चाचणी लिहावी.

३.१४ वर गेल्यावर स्पेशलायझेशन परत आले आणि एका थ्रेडचा दंड साधारण ५ ते १० टक्क्यांवर उतरला. ३.१३ मध्ये थ्रेड सुरू झाल्यावर फंक्शन, क्लास, मॉड्यूल ‘अमर’ होत आणि सतत नवे क्लास बनवणाऱ्या प्रोग्रामची मेमरी वाढतच राहायची, तेही बरेच सुधारले. आता प्रत्येक थ्रेड बाइटकोडची स्वतःची प्रत ठेवतो. थ्रेड शेकड्यांनी असतील आणि मेमरी महाग पडत असेल तर ‘पायथन टीएलबीसी’ ० करून पाहावे, त्यात स्पेशलायझेशन जाते. नवीन काम सुरू करणाऱ्याने ३.१३टी मागे ठेवून थेट ३.१४टी घ्यावा. एक्स्टेन्शनमुळे गिल परत येणे मात्र तिथेही तसेच आहे, म्हणून त्या एका वॉर्निंगला एरर करणारी ओळ सीआयच्या (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमध्ये अजूनही आहे.